अठ्ठेचाळीस जर्मन, एक तीळ

हौसरावाच्या संशयी स्वभावाला दौंड स्टेशनात चक्क पगार मिळायचा. गाडी फलाटाला लागली की हा गडी लांब दांड्याचा हातोडा घेऊन रुळांत उतरायचा आणि इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एकेक चाक ठोकत जायचा. चांगलं चाक टण्ण वाजतं. तडा गेलेलं चाक बसक्या आवाजात ठक करतं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं चार खोटी चाकं पकडली होती आणि लाखो खऱ्या चाकांवर संशय घेतला होता. इतका सराव झाल्यावर माणूस घरी आला तरी हातोडा खाली ठेवत नाही. दूध हुंगल्याशिवाय तो घरात घेत नसे, कुलूप तीनदा ओढून बघे, आणि त्याच्याकडे बघून कुणी हसलं, तर तो का हसला म्हणून ह्याला दिवसभर करमत नसे.

नोकरी दौंडला, घर शिरूरला. सहा दिवस रेल्वेच्या चाळीत दोघा गँगमनांबरोबर खिचडी शिजवायची आणि सुट्टीच्या दिवशी न्हावऱ्यावरून जाणारी एसटी पकडून घर गाठायचं, असा त्याचा संसार. एकुलती लेक लग्न होऊन पारनेरला गेली होती. शिरूरच्या घरात मुक्ताबाई एकटी. बायको आठवड्यातले सहा दिवस डोळ्यांआड, आणि नवरा असा. पुढचं काय ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

त्या घरात जर्मन शिरले ते कोलमन साहेबांमुळे. साहेब अँग्लो-इंडियन, मेल गाडीचे रिटायर ड्रायव्हर. जन्म दौंडचा, आणि माती पण दौंडचीच लागणार असं स्वतःच सांगायचे. बायको गेल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलं, खाली जाड पुस्तकं सरकवून टेकड्या केल्या आणि बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या शिपायांची लढाई मांडली. भाचा विलायतेहून बिनरंगी शिपाई पाठवायचा. रविवारी दुपारी चर्चचे पाद्री समोर बसायचे. फासे पडायचे, पट्टीनं अंतर मोजलं जायचं, आणि प्रशिया नावाच्या जर्मन राज्याची फौज शेजारच्या सॅक्सनीवर चालून जायची. साठी ओलांडलेली दोन माणसं एका टेकडीवरून हमरीतुमरीवर यायची.

जर्मन म्हटल्यावर हौसराव आधी दचकला होता. साहेब हसून म्हणाले, "अरे, वो हिटलरवाला नहीं. दोनशे साल पहलेवाला. तुमचा पानिपत झाला ना, तेव्हाचा."

रंगाचं काम साहेबांना आता झेपत नव्हतं. उभा जन्म इंजिन हाकलेला हात कुंचला धरला की थरथरायचा, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तरी प्रत्येक पलटणीसाठी नमुन्याचा एक वेगळा शिपाई ते हट्टानं स्वतः रंगवायचे. पुस्तकातल्या चित्राबरहुकूम निळा कोट, लाल अस्तर, पितळी उंच टोपी, छातीवर पांढरे पट्टे आणि तपकिरी लाकडाची बंदूक. बाकीच्या शिपायांसाठी त्यांना दुसरा हात हवा होता. तेव्हा हौसरावच बोलून गेला, "साहेब, आमची मंडळी माहेरी गणपतीचे डोळे लिहायची."

मुक्ताबाई नगरच्या मूर्तिकार कुंभारांची लेक. बापाच्या शेडमध्ये मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे-भुवया रेखायचं शेवटचं काम, वयाच्या बाराव्या वर्षापासून तिच्याकडे होतं. हौसरावही कुंभारच, पण त्याच्या घराण्यात नुसत्या विटा आणि रांजण. मूर्तीच्या कामातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मुक्ताबाईनं ज्वारीच्या धाटांचे तुकडे केले, प्रत्येकाच्या टोकाला मेणानं एकेक शिपाई चिकटवला, धाटं धान्यानं भरलेल्या परातीत रोवली आणि खारीच्या केसांच्या कुंचल्यानं कामाला लागली. पहिली दहा माणसं बघून साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

तेव्हापासून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दौंड-शिरूर ये-जा करू लागला. नमुन्याचा शिपाई काड्यापेटीत कापूस घालून वेगळा यायचा आणि पलटण पुरी होईपर्यंत शिरूरलाच राहायचा. हौसरावाला जोडपाळी, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या, लागली की डबा मच्छिंद्र न्यायचा. मच्छिंद्र म्हणजे त्या एसटीचा कंडक्टर, न्हावऱ्याचा, तिशीतला, तोंडभर हसणारा. कुणाचा जेवणाचा डबा, कुणाचं औषध, कुणाचा निरोप, तो सगळं पोचवायचा. नियमात ते बसत नव्हतं, पण वाटेवरच्या सगळ्या गावांचं त्यावर चालत होतं.

शहात्तर सालच्या जानेवारीत एका नव्या पलटणीचे पहिले चोवीस शिपाई तयार होऊन आले. साहेबांनी ते एका रांगेत उभे केले, भिंग लावलं आणि खुदकन हसले.

"हौसराव, ये सब सगे भाई हैं क्या?"

"का वो साहेब?"

"बघ ना. तुझ्या बाईनं सगळ्यांना तीळ दिला. डाव्या डोळ्याच्या खाली. कौन है ये हीरो?"

साहेब गमतीनं बोलले. हौसरावानं भिंग घेतलं. खसखशीच्या दाण्याहून बारीक, तपकिरी ठिपका. पहिल्या शिपायाच्या डाव्या डोळ्याखाली. दुसऱ्याच्याही. शेवटच्या चोविसाव्याच्याही, तिथंच, तेवढाच. त्याच्या मनात पाल चुकचुकली. कुणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे असल्याशिवाय चोवीस वेळा असा नेमका ठिपका पडतो होय?

सुट्टीला घरी जाताना त्याला उत्तर मिळालं. गाडी न्हावऱ्याच्या अलीकडे होती. मच्छिंद्र तिकिटांची पेटी काखेत धरून त्याच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "काय हौसराव आप्पा, आज डबा न्हाई?" हौसरावानं वर बघितलं. मच्छिंद्राच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता. चार वर्षं ह्या माणसाकडून तो तिकीट घेत होता, आणि तो तीळ आज पहिल्यांदा दिसला.

"न्हाई," एवढंच तो बोलला. उरलेला रस्ता त्यानं मच्छिंद्राच्या पाठीकडे बघत काढला.

घरी मुक्ताबाई परात पुढ्यात घेऊन बसली होती. पलटणीचे उरलेले चोवीस धाटांवर उभे होते, अजून नुसता पांढऱ्या रंगाचा हात दिलेले. तिनं चहा टाकला. हौसरावानं बशीत ओतला आणि हातोडा उचलला.

"ह्या शिपायांचं तोंड कुणावर गेलंय गं?"

"कुणावर म्हंजी? नमुन्यावर."

"नमुन्यावर!"

"मग? दावू का? डबी हितंच हाय." तिनं फळीवरच्या काड्यापेटीकडे हात केला.

"ऱ्हाऊ दे," हौसराव म्हणाला. त्याला वाटलं, काय सफाईनं विषय फिरवला बाईनं! काड्यापेटीत काय बघायचं? साहेबानं रंगवलेला गोरा जर्मन. त्याला कुठला आलाय तीळ?

ती पुन्हा कामाला लागली आणि मान न उचलता तिनं विचारलं, "फुडच्या आठवड्यात मच्छिंद्र भाऊंची गाडी हाय न्हवं? तुम्हाला जमलं न्हाई तर डबा त्यांच्याकडं देते." भाऊ म्हणाली. ते त्याच्या कानाला बसकं लागलं. भाऊ म्हणण्यासारखी सोय दुसरी कुठली नाही, असं त्याच्या मनानं लगेच त्याला सांगितलं.

संध्याकाळी तो शेजारच्या साखरबाईकडे विडीला काडी मागायचं निमित्त करून गेला. साखरबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"आमच्याकडं डबा न्यायला तो कंडक्टर येतो ना?"

"येतो की. गुणाचा पोरगा."

"बसतो?"

"दोन मिन्टं टेकतो. पाणी पितो, जातो. गाडी उभी असती त्याची स्टँडवर."

ती दोन मिन्टं हौसरावानं दौंडला नेली आणि आठवडाभर उगाळली. चाकावर हातोडा पडला की टण्ण ऐवजी त्याला दोन मिन्टं ऐकू यायचं. एका मालगाडीचं एक चाक त्यानं न ठोकताच सोडलं, आणि हे लक्षात आल्यावर घामाघूम होऊन परत पळत गेला. एवढं खरं की त्याला मुक्ताबाई हवी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला हे कधी सांगितलं नव्हतं, पण ही बाई घरात आहे म्हणून आपण सातव्या दिवशी माणसात येतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिला उघड विचारून ती गेली तर? त्यापेक्षा त्या तिळालाच वाटेतून काढलेला बरा, असं त्यानं ठरवलं.

आणीबाणीचे दिवस होते. हपिसातले साहेब वेळेवर येत होते, भिंतींवर शिस्तीच्या पाट्या होत्या, आणि निनावी अर्जाला पाय फुटत होते. हौसरावानं एक कोरा कागद घेतला आणि डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, लिहिलं. दौंड-शिरूर गाडीचा कंडक्टर मच्छिंद्र हा बिस्किटाच्या डब्यातून परदेशी माल, म्हणजे शिशाचे जर्मन शिपाई, बिनपावती चोरून वाहतो, तरी योग्य ती कारवाई व्हावी. खाली एक दक्ष नागरिक. मग त्यानं शिरूरला निरोप धाडला की मला जोडपाळी आहे, डबा मच्छिंद्राकडे दे. जोडपाळी नव्हती. तो त्या दिवशी चाळीत पडून छताकडे बघत होता.

तपासणीवाल्यांनी न्हावऱ्याच्या थांब्यावर गाडी अडवली. ही हकिगत त्याला दौंडच्या स्टँडवरच्या चहावाल्यानं रंगवून सांगितली. डबा उघडला, शिपाई बाकड्यावर मांडले, उतारूंनी माना लांब करून बघितले. तपासणीवाल्यांनी विचारलं, माल कुणाचा? मच्छिंद्र म्हणाला, माझा. घरच्या पोरांची खेळणी हायत. पावती? न्हाई. डबा जप्त, आणि मच्छिंद्र कामावरून निलंबित.

"कुणाचा तरी असणार वो डबा," चहावाला म्हणाला. "पण पठ्ठ्यानं नाव घेतलं न्हाई."

हौसरावानं अर्धा चहा तसाच ठेवला. त्याचं नाव घेतलं असतं तर सरकारी नोकर म्हणून तोही लटकला असता, हा विचार अर्ज लिहिताना त्याला शिवलाच नव्हता. भल्या माणसाला इथं लाज वाटली असती. हौसरावाला वाटलं, नाव का नाही घेतलं ह्यानं? माझ्यासाठी? मी कोण लागतो त्याचा? तिचं नाव चव्हाट्यावर येऊ नये म्हणून गिळलं असणार! संशयाला चांगुलपणा खाऊ घातला की तो आणखी गलेलठ्ठ होतो, त्याची ही तऱ्हा.

सुट्टीला घरी गेला तर मुक्ताबाईचे डोळे सुजलेले. झालं, पुरावा मिळाला.

"त्या माणसाच्या घरी चार तोंडं हायत," ती म्हणाली. "आपल्या डब्यापायी गेली त्याची नोकरी. तुमचं नाव घेतलं न्हाई त्यानं. आप्पांची रेल्वेची नोकरी जाईल म्हनला."

"लई पुळका आलाय तुला."

मुक्ताबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग उठली, फळीवरची काड्यापेटी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "साहेबांचा नमुना. एवढा तरी नीट पोचवा. पलटण पुन्हा करायची झाली तर कशावरनं करणार?"

त्यानं पेटी खिशात टाकली. दौंडला पोचेपर्यंत उघडली नाही.

कोलमन साहेब व्हरांड्यात बसले होते. डब्याची बातमी त्यांना कळली होती आणि ते उदास होते. चोवीस माणसं धारातीर्थी न पडताच गेली, असं काहीतरी इंग्रजीत पुटपुटत होते. हौसरावानं काड्यापेटी पुढे केली. साहेबांनी कापूस उलगडला, शिपाई तळहातावर घेतला, भिंग लावलं, आणि त्यांची मान तशीच राहिली.

"हौसराव," ते हळू आवाजात म्हणाले, "ये तो मैंने रंगाया था."

"व्हय साहेब."

"याला पण तीळ आहे."

हौसरावानं भिंग ओढूनच घेतलं. पितळी टोपी. दोन डोळे, जरा तिरपे. डाव्याच्या खाली तपकिरी ठिपका, खसखशीहून बारीक. शेजारी खांद्याला टेकलेली बंदूक, तिचं लाकूड त्याच तपकिरी रंगाचं.

साहेबांनी उजवा हात उचलून डोळ्यांपुढे धरला. तो थरथरत होता. "बंदूक रंगवताना हात हलला," ते म्हणाले. "मला दिसलंच नाही. आणि त्या बाईनं माझी चूक पण कॉपी केली. पूरी की पूरी."

हौसराव व्हरांड्याच्या पायरीवर बसला. तिनं सांगितलं होतं. पहिल्याच प्रश्नाला, चहा उकळता उकळता, एका शब्दात. नमुन्यावर. ते चाक टण्ण वाजलं होतं, आणि बावीस वर्षांचा जाणकार कान ठक ऐकून बसला होता.

त्याच दुपारी काड्यापेटी परत खिशात घालून, रजा टाकून तो शिरूरला निघाला. गाडीवर नवा कंडक्टर होता, कुणाशी न बोलणारा. न्हावऱ्याला एका म्हातारीनं औषध आणायला रिकामी पिशवी पुढे केली, तर त्यानं हात मागे घेतला.

मुक्ताबाई ओट्यावर बसली होती. परात रिकामी होती.

"कुशाबाई आली व्हती," ती म्हणाली. "मच्छिंद्र भाऊंची बायको. हपिसात तो अर्ज वाचून दावला म्हने त्यास्नी."

हौसराव चपला काढता काढता थांबला.

"त्यात लिवलं व्हतं, शिशाचे जर्मन शिपाई. मच्छिंद्र भाऊला ते जर्मन हायत हे ठावंच नव्हतं वो. तो त्यास्नी सोंगट्या म्हनायचा. साखरबाई बाव्हल्या म्हनती. ह्या शिरूरात त्यास्नी जर्मन म्हननारी दोनच मान्सं हायत." ती थांबली. "आन् मला तर लिवायला येत न्हाई."

हौसरावानं खिशातून काड्यापेटी काढली. ती उघडून त्यानं तिच्यापुढे धरली. मग कसंबसं सांगितलं. तीळ, मच्छिंद्राचा तीळ, साखरबाईची दोन मिन्टं, सगळं. सांगताना ते इतकं फुटकळ वाटत होतं, की एवढ्यावरून आपण माणूस बुडवला ह्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

मुक्ताबाई हसली नाही, रडलीही नाही.

"आमच्या आबांच्या शेडमध्ये गिऱ्हाइकानं नमुन्यावर हात ठेवला, की त्यातलं कमी करायचं न्हाई आन् जादा घालायचं न्हाई. एकदा नमुन्यात गणपतीचा कान मुडपलेला व्हता. आम्ही चाळीस गणपती मुडपल्या कानाचे केले. नमुन्याला नाव ठिवलं म्हंजी गिऱ्हाइकाला नाव ठिवलं." तिनं त्या शिपायाकडे बघितलं. "म्या म्हनलं, त्या पलटनीत गोंदून घ्यायची चाल आसंल. बायका न्हाई का घेत गालावर, तसं. मला तर कवतिक वाटलं व्हतं त्यांचं."

"चुकलं माझं, मुक्ते."

"म्या तवा म्हनलं, दावू का? तुम्ही म्हनला, ऱ्हाऊ दे." तिनं डबी मिटली. "डबी उघडाया किती येळ लागला असता वो?"

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी कधी अशी बोलली नव्हती, आणि तो तिच्यापुढे कधी असा उभा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एसटीच्या डेपोत गेला. उजव्या हातानं अर्ज लिहिला. डबा माझा, आधीचा निनावी अर्जही माझाच, कंडक्टरनं माझ्या विनंतीवरून डबा नेला, त्यात एका म्हाताऱ्या माणसाची खेळणी आहेत. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. कारकुनानं कागद दोनदा वाचला आणि वेड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. त्या सहीपायी हौसरावाची पगारवाढ अडली आणि त्याला कडक समज मिळाली. दीड महिन्यानं मच्छिंद्र कामावर परतला. चोवीस शिपाईही परत मिळाले, एकाची संगीन वाकलेली. साहेबांच्या टेबलावर अठ्ठेचाळीस जर्मन एकदाचे एका रांगेत उभे राहिले, सगळ्यांना तीळ. पाद्रींनी विचारलं तेव्हा साहेबांनी सांगितलं की ही पलटण गोंदून घेते.

मच्छिंद्र परतल्यावरच्या पहिल्या सुट्टीला हौसराव गाडीत बसला. मांडीवर डबा होता. मच्छिंद्र पुढ्यात आला, पेटी काखेत, तीळ डोळ्याखाली. हौसरावानं दिवसचे दिवस घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं.

"मच्छिंद्रा, माझं..."

"शिरूर एक का?" मच्छिंद्र म्हणाला. तिकीट फाडून त्याच्या हातात दिलं आणि डब्याकडे बोट केलं. "सामान आपल्या मांडीवर ठिवायचं. आमच्याकडं द्यायचं न्हाई." आणि पुढच्या माणसाकडे वळला. पहिल्यासारखं हसला नाही. त्या वाटेवरच्या कुणाचाच डबा त्यानं पुन्हा नेला नाही. न्हावऱ्याच्या म्हातारीचं औषध तालुक्याला जाणारं कुणी भेटेपर्यंत शिरूरच्या दुकानातच पडून राहू लागलं.

मुक्ताबाई माहेरी गेली नाही, अबोला धरला नाही, भाकरी वेळेवर घातली. तिनं फक्त एक गोष्ट मागितली, साहेबांचं भिंग. साहेबांनी जुनं एक देऊन टाकलं. तेव्हापासून डबा भरायच्या आधी ती हौसरावाला ओट्यावर उजेडात बसवते, भिंग हातात देते, आधी नमुन्याचा शिपाई त्याच्यापुढे उभा करते आणि मग एकेक धाट.

"बघा," ती म्हणते. "कुणाची वळख पटती का?"

हौसराव बघतो. हिरवे कोट, पांढरे कोट, काळ्या टोप्या, कोरे स्वच्छ गाल. "न्हाई," तो म्हणतो.

"नीट बघा," मुक्ताबाई म्हणते, आणि पुढचं धाट त्याच्यापुढे धरते.